हाडं म्हणजे आरसीसी नव्हे

ठाण्याच्या नौपाड्यात सध्या गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. अशा ठिकाणी ‘शरीराचं स्ट्रक्चरल ऑडिट’ नावाचा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर धावला नसता तरच नवल. तुमच्याकडे आला नसेल तर त्याचं सार असं: हाडं म्हणजे शरीराचे आरसीसी कॉलम. जन्मताना ३०० असतात, त्यांतली ९४ झिजून जातात. एकविसाव्या वर्षी कास्टिंग पूर्ण होतं, पुढे फक्त झीज. तोवर रोज बारला लटकलात तर उंची चार इंच वाढते. चाळिशीनंतर जिने, उठाबशा, मांडी घालून बसणं बंद, कारण गुडघ्यातलं ग्रीस संपत आलेलं असतं. बोटं मोडली की संधिवात ठरलेला. सकाळचं ऊन खिडकीतून अंगावर घ्या, गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्या, कॅल्शियमची चिंता मिटली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मेसेज वाचून जिने सोडलेले काका-काकू काही महिन्यांनी माझ्याकडेच येतात, तेव्हा यात माझा तोटा काहीच नाही. तरीही लिहितेय.

तीनशेचा हिशेब आधी उरकते. बाळाची हाडं मोजायला अवघड, कारण त्यातलं बरंच काही तेव्हा कूर्चाच, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक, असतं. पण २७० ते ३०० हा अंदाज ठीक आहे आणि मोठ्या माणसाची २०६ हेही बरोबर. चूक आहे ती ‘झिजून गेली’ यात. ती एकमेकांना जुळतात. बाळाची टाळू भरते म्हणजे कवटीची हाडं वाढून एकमेकांना येऊन भिडतात, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांचे सांधे पक्के होतात. कमरेखालचे पाच मणके जुळून त्रिकास्थी होते, त्याखालचे चिमुकले मणके जुळून माकडहाड. उलट गुडघ्याची वाटी जन्माच्या वेळी नुसती कूर्चा असते आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून तिच्यात हाड धरू लागतं. म्हणजे वजाबाकीच नव्हे, बेरीजही चालू असते.

आता कास्टिंग. मेसेजची सगळी इमारत याच एका दाव्यावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबू. एकवीस हा आकडा कुठून आला देव जाणे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, वाढ तिथे होते. मुलींमध्ये बहुतेक ठिकाणचे हे थर चौदा ते सोळाच्या सुमारास बुजतात, मुलांमध्ये आणखी दोनेक वर्षांनी. गळ्याजवळचं कॉलरबोनचं आतलं टोक मात्र विशी उलटून गेल्यावर, कधीकधी पंचविशीच्या आसपास जुळतं. एकविसाव्या वर्षी सगळं एकदम पूर्ण होतं असं कुठल्याच हाडाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आणि लांबी वाढायची थांबली म्हणजे हाड निर्जीव झालं, हे तर साफ खोटं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या चाचणीवर ठरते, पुढे त्यातला कण न कण तोच राहतो. हाडात तसं काही नाही. त्यात एका जातीच्या पेशी जुना भाग विरघळवून खड्डा करतात. याला दोन-तीन आठवडे लागतात. मागून दुसऱ्या पेशी येऊन तो खड्डा नव्या हाडाने भरतात. त्यात तीन-चार महिने जातात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने घडतो. म्हणूनच मोडलेलं हाड जुळतं, आणि नीट जुळलं तर काही वर्षांनी एक्स-रेत जागाही ओळखू येत नाही. तडकलेला कॉलम असा स्वतःहून सांधला जाताना कुणी पाहिलाय?

शिवाय कॉलमच्या आत कारखाना नसतो. बरगड्या, छातीचं हाड, मणके, कमरेची हाडं यांच्यातल्या मगजात रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या रक्तपेशी तयार होतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठलेलं असतं. रक्तात ते डेसिलिटरला साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या आतच ठेवावं लागतं, नाहीतर स्नायू आणि हृदय बिनसतं. आहारातून कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हुकमाने ते हाडांतून काढलं जातं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे हाडं मजबूत, असं समजून खूश होणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हे सांगितलं की चेहरे पडतात.

लटकण्याबद्दल थोडक्यात. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात, म्हणून आपण सगळेच सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. अंतराळात तर काहीजण पाचेक सेंटिमीटर वाढतात आणि परतल्यावर पूर्ववत होतात. बारला लटकून मिळतं ते याच जातीचं, घरी पोचेपर्यंत टिकणारं. खरी वाढ बंद करणारं मुख्य संप्रेरक इस्ट्रोजेन, मुलांमध्येसुद्धा. १९९४ साली एका २८ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. हाडांची टोकं अजून उघडी, उंची २०४ सेंटिमीटर आणि वाढ चालूच. बागेतल्या ओपन जिमच्या बारला हे जमणारं नाही. खांदे-पाठ मोकळी करायला लटका, खुशाल.

‘चाळिशीनंतर जिने बंद’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. हाडाच्या आत अडकून बसलेल्या पेशींना भार जाणवतो आणि त्यानुसार कुठे भर घालायची, कुठून काढून घ्यायचं हे ठरतं. जर्मन सर्जन युलिउस वोल्फ यांनी हाड भारानुसार घडतं हे १८९२ साली मांडलं. टेनिस खेळाडूंच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. आणि पुरेसा व्यायाम न करणाऱ्या अंतराळवीरांच्या कमरेच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, कारण तिथे भारच नाही. जपून ठेवलेलं हाड टिकत नाही, विरतं. तलावपाळीच्या सपाट फेऱ्या तब्येतीला उत्तमच, पण हाडांना त्याहून जरा जास्त भार हवा असतो: जिना, उठाबशा, थोडं वजन उचलणं.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. हाडांची भरघोस पुंजी तिशीच्या आसपासपर्यंतच जमते आणि मग हळूहळू घटते. बायकांमध्ये पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत तर झपाट्याने. पाठ वाकू लागली, उंची कमी झाली किंवा उभ्याउभ्या पडून मनगट मोडलं, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली असला तर हाडं ठिसूळ झालीत, आणि मग औषधाचं बोलणं डॉक्टरांशी.

ग्रीसचं काय? निरोगी गुडघ्यात वंगण असतं जेमतेम काही मिलिलिटर, चहाच्या चमचाभरापेक्षाही कमी. दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात ते बहुधा जास्तच झालेलं असतं! कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिला अन्न मिळतं ते या द्रवातूनच, सांधा हलला-दाबला गेला की. हौशी धावणाऱ्यांचे गुडघे लवकर जातात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तेव्हा वर्षा मॅरेथॉनवाल्यांनी निश्चिंत असावं. ज्यांची कूर्चा खरंच झिजली आहे त्यांना जिना उतरताना आणि खोल बसताना दुखतं, हे खरं. त्यांनी उतरताना लिफ्ट घ्यावी, चढताना जमेल तेवढे मजले चढावेत आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा व्यायाम रोज करावा. मांडीचा स्नायू भक्कम असला की गुडघ्याला खूप सुटका मिळते.

बोटं मोडण्याबद्दल इतकंच की तो आवाज वंगणातल्या वायूचा. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हातांत फरक पडला नाही आणि २००९ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण मोठ्या तुलनांतही संबंध सापडलेला नाही.

खिडकीतलं ऊन ऊबदार असतं, बस. ड जीवनसत्त्व घडवणारे यूव्ही-बी किरण काच जवळजवळ पूर्ण अडवते. भल्या सकाळी तर सूर्य इतका खाली असतो की ते बाहेरही तुटपुंजेच. दहा-अकराच्या सुमारास, हातपाय उघडे ठेवून, गच्चीवर किंवा निदान काच सरकवून.

राहिला चुना. गव्हाचा दाणा पन्नास मिलिग्रॅमच्या आतबाहेर. तेवढा चुना अगदी कोरडा धरला तरी त्यातून कॅल्शियम मिळेल २७ मिलिग्रॅम, आणि आपला चुना तर पाण्याने भिजवलेला. मोठ्या माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार १००० मिलिग्रॅम. पेलाभर दुधात २४०च्या आसपास येतं, १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या. चेंदणी कोळीवाड्यातून आणलेली सुकट किंवा बारीक मासळी काट्यांसकट खाल्ली तर आणखी छान. मेसेजमधल्या पाककृतीत कॅल्शियम आहे ते ताकात! चुना दाहक असतो, तोंड-अन्ननलिका भाजतो. त्याची पुडी मुलांच्या हाती लागून डोळ्यांत उडाल्याने बुबुळं कायमची खराब झालेली आहेत. तसं झालं तर चोळू नका. वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून सतत धुवा, कण दिसले तर तेही वाहून जाऊ द्या, आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.