गोल्डफिशला उगाच मध्ये आणू नका

मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र फिरून येतं. गोल्डफिशचं लक्ष 9 सेकंद टिकतं, माणसाचं आता फक्त 8. खाली उपदेश: वाक्यात 8 च्या वर शब्द नकोत, मजकूर 50 शब्दांत आटपा, जमेल तिथे इंग्रजी शब्द घाला, ते आखूड असतात. परवा एका क्लायंटनीच मला ते पाठवलं, वर 'प्लीज फॉलो'. म्हणून हा खटाटोप.

आधी मासा. हा आकडा गाजला 2015 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेने जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालामुळे. 2000 साली 12 सेकंद, 2013 मध्ये 8, असं त्यात होतं. पण ते त्यांच्या स्वतःच्या प्रयोगातून आलेलं नव्हतं, आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून उचललेलं होतं. 2017 मध्ये बीबीसीने माग काढला, तर मूळ संशोधन सापडलंच नाही. गोल्डफिशही फुकट बदनाम झालाय. शिकवलेलं लक्षात ठेवतो म्हणून तर स्मरणशक्तीच्या प्रयोगांत त्याला वर्षानुवर्षं वापरतात. आणि वीजबिल जास्त आलं की त्याची मागची बाजूसुद्धा वाचणारी माणसं मी रोज बघतो.

8 शब्दांच्या नियमावर मात्र जरा थांबतो, कारण नुकसान तिथे होतं. शब्द मोजायची ही सवय इंग्रजीतली. मजकूर वाचायला किती सोपा हे ठरवणारं रुडॉल्फ फ्लेश यांचं 1948 चं प्रसिद्ध सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दांतले उच्चारखंड मोजतं, पण ते बेतलंय इंग्रजीवर. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'शेजाऱ्यांकडूनसुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार होतात. आता ही सूचना बघा:

'पाणीपुरवठाविषयक तांत्रिक दुरुस्तीकामानिमित्त जलवितरण तात्पुरत्या स्वरूपात स्थगित राहील.'

मोजा, बरोब्बर 8 शब्द. नियमात चोख बसते, आणि वाचून झाल्यावर माणूस वॉचमनला विचारायला खाली उतरतो. आता ही:

'पाइप बदलायचा आहे, म्हणून उद्या गुरुवारी सकाळी 9 ते दुपारी 4 नळाला पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा.'

18 शब्द. कोणी काही विचारत नाही. 'उद्या पाणी बंद' एवढंच लिहिलं तर तीनच शब्द लागतात, पण तो मेसेज कोणी दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड केला की उद्याचा परवा होतो.

50 शब्दांचं फार ताणत नाही. कानटोपी विकायला तेवढेही जास्तच. आरोग्यविमा विकताना आधीपासूनच्या आजाराला किती वर्षं थांबावं लागेल, हे गिऱ्हाईक शोधणारच. ते दिसलं नाही तर मजकूर आखूड आहे म्हणून कोणी कौतुक करणार नाही.

राहिले 'आखूड' इंग्रजी शब्द. एसएमएसमध्ये लांबी खरोखर नडते: रोमन लिपीत एका मेसेजमध्ये 160 चिन्हं बसतात, देवनागरीत 70. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. मग 'डिस्काउंट' 9 चिन्हं, 'सूट' 3. 'इन्स्टॉलमेंट' 12, 'हप्ता' 5. शुद्ध मराठीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, 'भ्रमणध्वनी' 10 खातो आणि 'मोबाइल' 6. शिवाय लोक म्हणतातही मोबाइलच.

त्याच क्लायंटचा एक एसएमएस 74 चिन्हांचा होता, म्हणजे दर नंबरामागे दोन मेसेजचे पैसे. 'रजिस्ट्रेशन' काढून 'नोंदणी' घातलं, 69 झाले. टेम्प्लेट, म्हणजे एसएमएसचा ठरलेला साचा, पुन्हा मंजूर करून घ्यावं लागलं, ते वेगळं. चित्र मात्र अजून त्यांच्या स्टेटसला आहे.