टी पेशींना दोनच ओळी?

प्रतिकारशक्तीच्या पेशींवरचा लेख आवडला. न्यूट्रोफिल आधी धावून जातात, मॅक्रोफेज जंतू गिळतात, बी पेशींमुळे अँटिबॉडी मिळतात, हे छान सोपं करून सांगितलंय. पण टी पेशींना, म्हणजे जंतू लागलेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दोनच ओळी? खरी गंमत तर तिथेच आहे.

या पेशी जन्मतात अस्थिमज्जेत, पण घडतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तिथली परीक्षा भलतीच कडक. शरीराच्याच प्रथिनांवर जी पेशी तुटून पडते ती बाद, आणि जिला काहीच ओळखता येत नाही तीही बाद. नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी तिथेच मरतात. तरीही काही नाठाळ निसटतातच. त्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या दाखवल्या, आणि 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल या शास्त्रज्ञांसोबत मिळालं. फॉक्सपी3 या जनुकात बिघाड असलेल्या बाळांत या पेशी नीट काम करत नाहीत. मग त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर, त्वचेवर, स्वादुपिंडावर उठते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ छापाच्या जाहिराती दिसल्या की विचारावंसं वाटतं, नेमकी कुठली पेशी वाढवताय बुवा?

आणि हो, नॅचरल किलर (एनके) पेशी राहूनच गेल्या. काही विषाणू टी पेशींना चकवायला पेशीवरचे एमएचसी-1 रेणू, म्हणजे पेशीच्या आत काय आहे ते टी पेशींना दाखवणारे रेणू, गायब करतात. एनके पेशी नेमक्या अशाच पेशी हेरून मारतात. पुढच्या भागात याबद्दल जरूर लिहा.