मेटा कीवर्डपेक्षा शीर्षकाकडे पाहा
संकेतस्थळ गुगलच्या शोधात वर यावे म्हणून मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा, शोधशब्दांच्या यादीचा टॅग) जितके शब्द भरता येतील तितके भरावेत, हा एका लेखात वाचलेला सल्ला पटला नाही. शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी हा टॅग आपण विचारात घेत नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. अप्पा बळवंत चौकातील आमच्या दुकानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पानाचे शीर्षक नुसते ‘मुख्यपृष्ठ’ असे होते (हा आमचाच आळस!), ते बदलून ‘दहावी गणित : जुनी पाठ्यपुस्तके, पुणे’ असे पानागणिक नेमके लिहिल्यावर शोधातून येणारे ग्राहक थेट हव्या त्या पानावर येऊ लागले. मेटा वर्णनामुळे (पानाच्या कोडमध्ये लिहिलेला त्या पानाचा थोडक्यात सारांश) क्रमांक वर जात नाही, परंतु शोधनिकालात शीर्षकाखाली अनेकदा तेच दिसते, म्हणून ते वाचणाऱ्या माणसासाठी लिहावे. अर्थात ते शोधलेल्या गोष्टीशी जुळले नाही, तर गुगल पानातलाच मजकूर उचलून दाखवते.