अल्फाच्या नव्या अध्यक्षांकडून मला काय हवंय

२०२५ च्या सुरुवातीला ल्युसियन मेटेलस यांनी 'अल्फा फाय अल्फा'ची सूत्रं हाती घेतली. अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटीचे ते ३७ वे जनरल प्रेसिडेंट. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची, एकमेकांना भाऊ मानणारी संघटना. पण हा शब्द ऐकला की आपल्याला सिनेमातल्या पार्ट्या आठवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१९०४-०५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी त्यांतला एकही परत आला नाही. एकही नाही. त्यांच्यामागून आलेल्या मुलांना हे कळलं, आणि त्यांनी आधी एक अभ्यासमंडळ काढलं. आपलं एवढ्यावर निभणार नाही हे लक्षात आल्यावर ४ डिसेंबर १९०६ ला त्याची फ्रॅटर्निटी केली. सात जण होते. त्यांच्यातले काही गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटीत वाढप्याचं काम करायचे, म्हणजे असं घर कसं चालतं हे त्यांनी ताटं वाढता वाढताच पाहिलेलं. पुढे त्यांच्यातला व्हर्टनर टँडी न्यूयॉर्क राज्यातला पहिला नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाला, तर युजीन किंकल जोन्स यांनी नॅशनल अर्बन लीग ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना वाढवली.

आणि हे नातं कॉलेज संपलं की संपत नाही. नोकरी-धंद्याला लागलेल्यांचे वेगळे चॅप्टर, म्हणजे शाखा, असतात, साठीतली माणसंही एकमेकांना 'ब्रदर'च म्हणतात. मार्टिन ल्यूथर किंग अल्फाचे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश थरगुड मार्शल अल्फाचे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्या कृष्णवर्णीय विचारवंताला, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना, पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, तेही अल्फाचेच.

पण मला सगळ्यांत जास्त भावतात ते बेलफर्ड लॉसन. १९४६ ते १९५१ ते अल्फाचे अध्यक्ष होते, पेशाने वकील. १९४२ मध्ये एल्मर हेंडरसन नावाचे सरकारी कर्मचारी सदर्न रेल्वेने वॉशिंग्टनहून निघाले होते. डायनिंग कारमध्ये कृष्णवर्णीयांसाठी स्वयंपाकघराजवळची दोन टेबलं, मध्ये पडदा. तीही गर्दी झाली की गोऱ्या प्रवाशांना द्यायची. हेंडरसन जेवायला गेले तर तिथे गोरे बसलेले. एक खुर्ची रिकामी होती, तरी त्यांना बसू दिलं नाही. ते परत परत गेले, आणि शेवटी ती डायनिंग कारच गाडीपासून सोडवली गेली, त्यांचं जेवण राहिलं ते राहिलंच. त्यांनी रेल्वेविरुद्ध दाद मागितली. अल्फाने हा खटला आपला मानला, आणि अध्यक्ष स्वतः सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. ५ जून १९५० ला निकाल लागला: पडदे आणि राखीव टेबलं बेकायदा. लॉसन यांनी संघटनेचं नाव आणि ताकद एका उपाशी प्रवाशासाठी वापरली. अध्यक्षपद कशासाठी असतं हे मला यातून कळतं.

आता नव्या अध्यक्षांकडे येतो. आज अमेरिकेत विद्यापीठांमधली समावेशकतेची, म्हणजे सगळ्या समाजांतल्या मुलांना सामावून घेण्यासाठीची, कार्यालयं एकेक करून बंद होताहेत. २०२३ मध्ये अल्फाने फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीयांविरोधी धोरणांचा निषेध म्हणून २०२५ चं अधिवेशन ऑर्लँडोतून हलवायचं ठरवलं, ते मला मनापासून पटलं होतं. अशा लढाया मेटेलस यांनी लढाव्यातच. पण माझ्या मते पहिलं काम घरातलं आहे, आणि ते म्हणजे हेझिंग थांबवणं. हेझिंग म्हणजे संघटनेत घेताना नव्या मुलांचा केला जाणारा छळ, आपल्याकडच्या रॅगिंगसारखा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बॅटन रूजच्या सदर्न युनिव्हर्सिटीतला २० वर्षांचा एक विद्यार्थी गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार दुसऱ्या एका कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटीच्या प्रवेशविधीत त्याच्या छातीवर ठोसे मारले होते. अल्फाचा या प्रकरणाशी संबंध नाही. पण अल्फाचे हातही कोरे नाहीत. १९८९ मध्ये मोरहाऊस कॉलेजमधला एक मुलगा अल्फात येण्याच्या धडपडीत गेला. १९९० मध्ये या सगळ्या कृष्णवर्णीय संघटनांनी मिळून 'प्लेजिंग', म्हणजे सदस्य होण्याआधीचा उमेदवारीचा काळ, बंद केलं, प्रवेशाचे नवे नियम केले. कागदावर बंद झालं. चोरून चालूच राहिलं.

ते का चालू राहतं, हे मी हॉस्टेलमध्ये काढलेल्या चार वर्षांवरून सांगू शकतो. ज्या सीनियरांनी मला रात्री दोन वाजता 'इंट्रो'साठी उठवून तासभर भिंतीला नाक लावून उभं केलं, त्यांनीच पुढे एम-थ्रीच्या (गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या) नोट्स दिल्या, ताप आला तेव्हा डबा आणला. त्यामुळे मार आणि माया एकाच पुडीत मिळतात असं वाटायला लागतं. दुसऱ्या वर्षी आमच्या मजल्यावर नव्या पोरांना उभं केलं, तेव्हा मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. मी हात लावला नाही, पण थांबवलंही नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्या रात्री मजल्यावर कायदा नव्हता, आम्ही होतो.

'आम्ही सोसलं म्हणून घट्ट झालो' हा युक्तिवाद तिथेही चालतो, आणि मला तो साफ चुकीचा वाटतो. कॉर्नेलच्या त्या सात जणांना कुणी मारून भाऊ केलं नव्हतं. सहा मुलं परत आली नाहीत, सातवं-आठवं तरी टिकावं, एवढ्यासाठी ते एकत्र आले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या घरात नव्या मुलाला मार खावा लागत असेल, तर ती परंपरा त्यांची नाहीच.

म्हणून मेटेलस यांनी जुन्या, मानाच्या ब्रदरांना दुखवावं असं मला वाटतं. ज्या चॅप्टरमध्ये हेझिंग सापडेल तो बंद करावा, मग तो कितीही जुना असो, त्यातून कितीही मोठी नावं निघालेली असोत. पोरांना चोरून 'जुन्या पद्धतीने' घ्या असं कानात सांगणारे पदवीधर असतात, आधी त्यांचं सदस्यत्व जावं.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झालाय. त्यानुसार कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करावी लागतात. ते अहवाल कुणालाही वाचता येतात. मी वाचणार आहे, आणि त्यात अल्फाचं नाव किती ठिकाणी येतं ते मोजणार आहे.