'१८८३' मधली न दिसणारी रेल्वे

(पुढे मालिकेचा शेवट उघड केलाय. बघायची असेल तर इथेच थांबा.)

'१८८३' ही मला मनापासून आवडलेली अमेरिकन वेस्टर्न मालिका. सॅम एलियटने साकारलेला शे ब्रेनन, स्थलांतरितांच्या तांड्याचा म्होरक्या, डोक्यातून जात नाही. म्हणूनच कथेतलं भगदाड इतकं सलतं.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थहून जर्मन स्थलांतरितांचा तांडा वॅगनमधून ओरेगनला निघतो. नद्या, साप, दरोडेखोर... वाटेत माणसं मरत जातात. पण फोर्ट वर्थला रेल्वे १८७६ मध्येच आली होती! पहिल्या भागात तांड्यासोबत निघणाऱ्या डटन कुटुंबातल्या बायका आणि मुलं आगगाडीनेच तिथे उतरतात. सॅक्रामेंटोपर्यंतचा लोहमार्ग १८६९ पासून सुरू होता, पुढे बोटीने ओरेगन गाठता यायचं. मग एवढे हाल कशासाठी? तिकिटाला पैसे नाहीत, गुरं-अवजारं सोबत न्यायची आहेत, काहीही चाललं असतं. एका नीट प्रसंगात हे पटवून दिलं असतं, तर त्यांची लाचारी आणखी भिडली असती.

शेवटी तर कहरच. मरणाच्या दारातल्या आपल्या मुलीला, एल्साला घेऊन जेम्स डटन माँटानातल्या पॅरडाइज व्हॅलीत पोचतो. पडद्यावर ती माणसाचा स्पर्श न झालेली दरी वाटते. प्रत्यक्षात दरीच्या तोंडाशी लिव्हिंग्स्टन हे रेल्वेचं गाव वसलेलं होतं आणि १८८३ च्या सप्टेंबरमध्ये यलोस्टोन पार्ककडे जाणारा फाटा त्याच दरीतून सुरू झाला.

मालिकेतल्या मार्शल (शहराचा पोलिसप्रमुख) कोर्टराइटचं मी सोडून देते. खरा कोर्टराइट १८७९ नंतर फोर्ट वर्थचा मार्शल नव्हता, पण त्याने कथेचं काही बिघडत नाही.

पात्रांचं मात्र सोडवत नाही. लकोटा या मूळनिवासी जमातीच्या बायका-मुलांची कत्तल दिसल्यावर संशय आपल्यावरच येणार, हे शे आणि जेम्सला कळतं. आणि हीच अनुभवी माणसं खऱ्या मारेकऱ्यांच्या मागे निघून जातात, तांडा उघड्यावर टाकून! लोकांना शिस्त लावताना जराही दयामाया न दाखवणारा शे असं करेल? एल्साला बाण लागतो तो या निर्णयामुळे. म्हणजे तिला मारायचं आधीच ठरलं होतं, आणि त्यासाठी दोन शहाण्या माणसांची अक्कल काढून घेतली.

एल्सावरही अन्यायच झालाय. तिचा प्रियकर एनिस तिच्या डोळ्यांदेखत मरतो, ती आतून पार मोडते, आणि दोन-एक भागांत सॅम हा कोमांची योद्धा तिचा नवरा होतो. असं होत नाही असं नाही. दुःखातली माणसं घाईने कुणाचा तरी हात धरतात. पण ती घाई आहे हे मालिकेला दिसतच नाही, ती त्याला थेट स्वातंत्र्य म्हणून मोकळी होते. दुःखासाठी एल्साला एक अख्खा भाग द्यायला हवा होता. एल्सा साकारणाऱ्या इसाबेल मेने तो एकटीने पेलला असता.