शकुंतला गाठायची असेल तर

सर्वांत आधी घाई सोडा. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी एसटी आहे, काळी-पिवळी आहे, कुणाच्या तरी मोटरसायकलवरची तिसरी सीट आहे. शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या छोट्या रुळांवरच्या आगगाडीच्या, प्रवाशाला असली धावपळ शोभत नाही. मुर्तिजापूर ते अचलपूर हे सुमारे ७७ किलोमीटर ती चारेक तासांत कापायची. मुर्तिजापूर ते यवतमाळ, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरला, सहा-सात तास घ्यायची. लोक नावं ठेवायचे, म्हणायचे नेहमी लेट. २०१६ च्या आसपास ती बंद झाली आणि ही तक्रार कायमची मिटली. तेव्हापासून एका मिनिटाचाही उशीर नाही.

बंद गाडीनं प्रवास कसा करायचा, असं विचारणारा माणूस वऱ्हाडातला नसावा. आम्ही पाऊस नसताना पेरतो, पाणी नसताना नळपट्टी भरतो आणि भाव नसताना कापूस विकतो. गाडी नसताना स्टेशनवर जाऊन बसायला असं काय मोठं लागतं?

तर मुर्तिजापूरला उतरा. मुंबई-नागपूर लाइनवर अकोला आणि बडनेऱ्याच्या मधलं हे जंक्शन. मोठ्या लाइनवर गाड्या धाडधाड जात असतील, तिकडे लक्ष देऊ नका. त्या ब्रॉडगेज आहेत, रुळांत साडेपाच फुटांचं अंतर बाळगून असतात. आपल्या शकुंतलेच्या दोन रुळांत अडीच फूट. आडवं झोपलं तर माणसाचे पाय बाहेर येतात. एक फाटा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जातो, दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. दर्यापूरला जायचं असेल तर दर्यापूरचं तिकीट मागू नका. स्टेशनचं नाव बनोसा. अर्थात तिकीट कुठलंच मिळणार नाही, पण चुकीचं मागून आपलं अज्ञान कशाला दाखवायचं?

बसायला जागा निवडताना कडूनिंबाची सावली बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि फलाट म्हणजे जमिनीहून वीतभर उंच मुरूम. पाणी घरूनच आणा. हापशी सापडलीच तर हलवून बघायला हरकत नाही, हातांना व्यायाम होतो. सोबत शिदोरी हवी. सिग्नलकडे मात्र आदरानं बघा, त्यातल्या काहींवर लिव्हरपूलचं नाव कोरलेलं होतं. पोरांना सांगा, हा खांब तुझ्या पणजोबाच्या आधी विलायतेहून आलाय.

पोरं विचारतील, विलायतेवाल्यांना आपल्या अचलपूरची एवढी काळजी काहून? तेव्हा खरं सांगून टाका. काळजी माणसांची नव्हती, कापसाची होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी माजली, तिकडून इंग्लंडातल्या लँकशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि साहेबाला वऱ्हाडातली काळी जमीन एकदम देखणी वाटायला लागली. मोठी लाइन तर त्याच दशकात नागपूरला पोचली. पण यवतमाळच्या, कारंज्याच्या, अचलपूरच्या जिनिंग कारखान्यांतल्या गाठी बैलगाडीनं किती वाहायच्या? मग मुंबईच्या किलिक निक्सन या एजन्सीनं सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि १९१० च्या दशकात हे अडीच फुटी रूळ टाकले. अचलपूर तेव्हा एलिचपूर होतं. कापूस गाठी बांधून मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरहून १९२१ साली बनलेलं एक वाफेचं इंजिन इकडे आलं. व्यवहार चोख. कापूस जायचा दरवर्षी, इंजिन आलं एकदाच.

त्या इंजिनानं मात्र इमान राखलं. १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत ते फुसफुसत राहिलं. मग त्याच्या जागी डिझेल आलं. सत्तरी ओलांडेपर्यंत नोकरी. आजकाल अठ्ठावन्नला निवृत्त होऊन सल्लागार म्हणून परत येणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ऑफिसात मनुष्यबळाचं व्यवस्थापन शिकवत असाल, तर शकुंतलेचा अभ्यास जरूर लावा. शेवटच्या काळात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं अख्खी गाडी चालवायची. गार्डच तिकीट फाडायचा, गार्डच झेंडी दाखवायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, एकजण उतरून फाटक लावायचा, गाडी फाटकापलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. तेवढ्यात दोन म्हाताऱ्या तुरीच्या आडोशाला जाऊन परत यायच्या. एखाद्या पोट्ट्याची चप्पल पडली तर तो उतरून आणायचा. वर्गात हे सांगा आणि फळ्यावर लिहा: खर्चकपात. एवढी कपात करूनही गाडी तोट्यात निघाली आणि बंद करावी लागली, हे पुढच्या तासाला सांगा.

या गाडीत कोण बसायचं, हेही विचारतील. रोजंदारीवर जाणाऱ्या बाया, टोपल्यावाले, शाळेची पोरं, माहेराहून परतणाऱ्या लेकी, दवाखान्यात निघालेला कास्तकार. एसटीहून तिकीट स्वस्त, म्हणून. यांच्यापैकी कुणी विमानतळाच्या मागणीसाठी कधी निवेदन दिल्याचं मी ऐकलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या मागण्या फार गंभीरपणे घेण्याचं कारणही नव्हतं.

शकुंतला हे नाव कुठून आलं, या फंदात पडू नका. आणि कृपा करून दुष्यंताच्या अंगठीचा विनोद करू नका. जिल्ह्यातल्या प्रत्येक वार्ताहरानं तो एकेकदा करून झालाय.

आता सगळ्यात उपयोगी सूचना. दरवर्षी १५ ऑगस्टला सकाळी तुमच्या मोबाइलवर एक संदेश येईल: 'देश स्वतंत्र झाला, पण ही रेल्वे अजून इंग्रजांचीच!' तो न वाचता पुढे पाठवा. वाचलात तर शंका येतील. शंका अशा, की १९५१ साली जीआयपी, म्हणजे मोठ्या लाइनीची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, मध्य रेल्वेत गेली, पण हे रूळ खासगी कंपनीचेच राहिले आणि सरकारी रेल्वे करारानं त्यांवर गाड्या चालवत राहिली, इथपर्यंत संदेश बरोबर आहे. पुढे मात्र किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांतच गेली. म्हणजे लंडनमध्ये एखादा टोपीवाला साहेब यवतमाळच्या भाड्याची मनीऑर्डर मोजत बसलाय, हे चित्र जरा खोडावं लागतं. पण खोडू नका. आपल्या रुळांवर आपणच गवत वाढू दिलं, असं म्हणण्यापेक्षा साहेबाला शिव्या घालणं केव्हाही सोयीचं. साहेब उलटून बोलायला येत नाही. शिवाय संदेशाखाली तिरंगा असतो. तिरंग्याखालच्या मजकुराला पुरावे मागायचे नसतात.

शकुंतलेची लाइन ब्रॉडगेज करण्याचं काय, असं कुणी विचारलं तर आनंदानं सांगा की होणार आहे. ही बातमी इतकी जुनी आहे की तिच्यावर विश्वास ठेवणारी दुसरी पिढी आता मतदान करते. पूर्वी रेल्वेचं बजेट वेगळं असायचं, त्यामुळे फेब्रुवारीत दोनदा टीव्हीसमोर बसावं लागायचं. २०१७ पासून ते मोठ्या बजेटात मिसळलं, आता एकाच दिवशी निराश होता येतं. तेवढाच वेळ वाचला. मधूनमधून सर्वेक्षण होतं. सर्वेक्षणवाले आले की त्यांना चहा पाजा, खुर्ची द्या आणि रूळ कुठून गेलेत ते हातानं दाखवा. स्वतः शोधायला गेले तर पऱ्हाटीत आणि बाभळीत हरवतील.

यवतमाळकरांनी जास्त तक्रार करू नये. त्यांच्यासाठी वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉडगेज लाइन आहे. २००८-०९ च्या सुमाराला मंजुरी, फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंतचा टप्पा सुरू. म्हणजे गाडी जिल्ह्यात आली, आता गावात यायचीच काय ती बाकी. शकुंतलेच्याच वेगाचं वळण आहे हे, घराण्याचा गुण जात नाही. अचलपूरकरांना असा पर्यायही नाही, त्यामुळे त्यांचं मन विचलित होण्याचा धोका कमी.

ज्यांना गाडी नकोच, नुसतं स्टेशन हवं, त्यांची इथे चंगळ आहे. लग्न ठरलं असेल तर रुळांवर प्री-वेडिंग शूट करा. दोन्ही बाजूंना वाळकं गवत, मागे मोडकी खोली, मावळतीचा उजेड. फोटोग्राफर म्हणेल, असा सेट मुंबईत लाखांत पडला असता. नवऱ्या मुलाच्या आजीला सोबत नेऊ नका. ती फोटोत येणार नाही, ती सांगत बसेल की इथे बाकडं होतं, तिथे तिकिटाची खिडकी, आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आली तेव्हा ट्रंक घेऊन याच ठिकाणी उतरली होती. उजेड जातो तोवर.

शकुंतला बचाव म्हणून निवेदनं द्यायची, धरणं धरायची, तेही करून बघा. माणसं अजून करतात. चिकाटीची आहेत बिचारी, त्यांची टिंगल माझ्याच्यानं होत नाही. सतरंजी मात्र जाड न्या, गिट्टी टोचते.

अचलपुरात रिक्षावाल्याला 'टेसन' म्हणा. तो विचारेल, 'कोनतं? यष्टीचं का शकुंतलेचं?' शकुंतलेचं म्हणालात की भाडं तेवढंच सांगेल, पण आरशातून एकदा बघेल नक्की. पोचल्यावर तो रिक्षा बंद करून बिडी पेटवील आणि म्हणेल, 'थांबू का भाऊ, का येते तुमची गाडी?' लगेच नाही म्हणू नका. आधी वेटिंगचे किती घेणार ते ठरवून घ्या.