लंडनवाल्याचं मत

आमच्या चुलतभावंडांच्या ग्रुपवर गडांवरून जुंपली आहे. 2025 च्या जुलैत 12 मराठा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. पेढ्यांचे इमोजी टाकून होतात न होतात तोच दादाने विचारलं, "आता रायगडावरचा वाडा कधी बांधणार?" 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांपायी तो जळाला, उरली ती जोती. धाकटी म्हणते, जोत्यांवर सिमेंटचा थेंब पडता कामा नये. दादाचं अस्त्र ठरलेलं: जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्याचा फोटो. "बघा कसा ठेवलाय! लंडनवाले, तुम्हीच सांगा."

लंडनवाला म्हणजे मी.

शियोंचं टर्नर या इंग्रज चित्रकाराने केलेलं एक जलरंगचित्र इथे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, 1809 च्या सुमाराचं. जलरंग उजेडाने विटतात, म्हणून असले कागद बहुतेक काळ अंधारात ठेवतात. आधी वेळ ठरवून गेलं की फुकटात समोर आणून देतात. फक्त पेन बाहेर ठेवायचं, टिपणं शिसपेन्सिलीने. कागद दीड फूटही रुंद नाही. पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा किल्ला, मागे धुकट डोंगर. टर्नर नखाने कागद खरवडून पांढरा उजेड काढायचा, म्हणून मी नाक अगदी कागदाजवळ नेलं. शेजारच्या बाईंनी खाकरून मागे सारलं.

पण टर्नर स्वित्झर्लंडला गेला होता 1802 मध्ये. चित्र झालं त्यानंतर काही वर्षांनी, इंग्लंडात, वहीतल्या रेघांवरून. इतक्या लांबून आठवलेला डोंगर उंचच होणार. आम्हा परदेशस्थांचा सह्याद्री असाच वाढत असतो.

प्रत्यक्ष शियोंला गेलो तेव्हा किल्ल्याला खेटून रेल्वेचे रूळ आणि रस्ता, डोक्यावर 1969 चा महामार्गाचा लांबलचक पूल. दादाच्या फोटोत यातलं काही येत नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे शस्त्रागार होतं, तुरुंगही होता. शतक सरताना आल्बेर नेफ या वास्तुविशारदाने जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं ते खोदत, जुनी कागदपत्रं चाळत, आणि ते काही दशकं चाललं. शिवाय भिंती जागेवर होत्या. रायगडावर जोत्याच्या वर नेमकं काय उभं होतं, यावरच आपलं भांडण आहे. तेव्हा दादा, डागडुजी जरूर करा, पाण्याची टाकी साफ करा, पण वाडा नको.

हे ग्रुपवर लिहिलं. धाकटीने अंगठा दिला. दादाने विचारलं, "तू शेवटचा रायगडावर कधी गेलास?" चौदा वर्षांपूर्वी. तेही रोपवेने.

मी गप्प बसलो. तेवढ्यात धाकटीने लेकाच्या दिवाळीतल्या किल्ल्याचा फोटो टाकला: मातीवर अळीव तरारलेला, पायथ्याशी फुटक्या आरशाचं तळं. दोन मिनिटांत दादाचा मेसेज आला, "महादरवाजा चुकीच्या बाजूला आहे."